एका दाण्यावरून पोतं

गोमाजीभाऊ कोणतीही वस्तू दातानं तपासल्याशिवाय पास करत नसत. धानाचा दाणा चावून "कच्चा हाय, दोन दिवस ऊन दाखव" असं सांगणं आमच्या करडी गावात कुणालाही जमतं. भाऊंनी माझ्या शाळेतला खडू चावला होता. "भेसळ हाय," म्हणाले.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची सुमन माझ्याकडे सातवीत होती. गावातली शाळा सातवीलाच संपायची. स्कॉलरशिपच्या परीक्षेत पास झाली तर भंडाऱ्याच्या वसतिगृहात राहून शिकणार, नाही तर शिक्षण तिथंच थांबणार. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. मी परीक्षेचा फॉर्म भरला, आणि भाऊ माझ्या ओसरीवर हजर.

"गुरुजी, धान घ्याले बेपारी येते, तो किती दाणे चावते?"

"प्रत्येक पोत्यातले दोनचार."

"अन् तुमचं सरकार? पोरगी सात वर्सं शिकली, अन् हे एका दिवसाचा एक दाणा चावून सांगते, पोतं कच्चं. त्या दिवशी तिचं डोकं दुखलं तं?"

विषय बदलावा म्हणून मी जुनी प्रश्नपत्रिका पुढे केली. भाऊंनी आधी तिचा कोपरा चावला. मग मी प्रश्न वाचला : पाच बाया धानशेताच्या एका बांधीची रोवणी चार दिवसांत करतात, तर दहा बाया किती दिवसांत करतील?

"पाच."

"दोन, भाऊ."

"तुमी कधी रोवणी केली का? दहा बाया एका बांधीत उतरल्या का गोठी सुरू होतेत. त्यात दोघी विहिणी निघाल्या तं सहा दिवस धरा."

घरी जाऊन त्यांनी सुमनला बजावलं, पाचच लिहायचं. मी तिला शाळेत गाठून सांगितलं, दोन लिही. परीक्षेच्या दिवशी भाऊ केंद्राबाहेर चिंचेखाली बसून होते. आणि पेपरात नेमका तोच प्रश्न आला.

"काय लिवलं?"

"दोन," सुमन म्हणाली.

परतीच्या बंडीत भाऊ करडीपर्यंत फक्त बैलांशी बोलले.

सुमन पास झाली. शाळा उघडली तेव्हा भाऊच तिला भंडाऱ्याला सोडून आले. ऐन रोवणीत, चिखलाच्या पायांनी ते पुन्हा माझ्या ओसरीवर उभे.

"आठवीचा पेपर असंन तं द्या."

"तुम्हाला कशाला?"

"दिवाळीले येईन ती. ती मले काही विचारीन. मले येत नसन तं आमी बोलाचं काय?"

पेपर त्यांनी चावला नाही. खिशातून सुमनची उरलेली पेन्सिल काढली. तिच्या टोकाला बारीक दातांच्या खुणा होत्या. मजुरांचं गणित मी मुद्दाम पहिलं दिलं, तेच, दहा बायांचं. भाऊंनी मुकाट्यानं दोन लिहिलं.

"काहून भाऊ, बाया गोठी नाही करत आता?"

"करतेत ना, गुरुजी," ते कागदावरून नजर न काढता म्हणाले. "पण सुमन दोन म्हणते."