फळ्यावर बायकोचं नाव

गिऱ्हाईक दुकानासमोर थांबलं की अर्धा धंदा झाला, उरलेला अर्धा आपल्या तोंडावर. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही. (कॉलेजात मी एकदाच गेलो, कॅन्टीनला टोप पोचवायला.) तर गिऱ्हाईक थांबावं म्हणून मी दुकानाबाहेर एक काळा फळा ठेवायचं ठरवलं. मी एवढंच ठरवलं. पुढचं सगळं त्या फळ्याने केलं.

आमचं 'श्री रवळनाथ स्टील सेंटर' मुलुंड पूर्वेला, स्टेशनकडून येताना रांगेतलं पहिलंच दुकान. दुकान म्हणजे आत मी, गल्ला आणि एक पंखा. माल सगळा बाहेर. फूटपाथवर बादल्यांचा मनोरा, त्याला टेकून पिंपं, पिंपांवर पराती, वर दोरीला कढया आणि झारे. विळ्या तेवढ्या आत ठेवतो, कारण मी कायदा पाळणारा माणूस आहे. बाहेरचा माल काढून घेतला तर दुकानात विकण्यासारखा मीच उरतो, आणि मला शेवंती केव्हाच घेऊन गेलेली आहे. शेवंती म्हणजे आमची मंडळी. मूळची कणकवलीकडची, राग आला की मालवणीत बोलते. त्यामुळे आमच्या घरी मालवणी बरीच टिकून आहे.

फळ्यावर मी परिसराच्या बातम्या लिहायचो. 'उद्या सकाळी पाणी कमी दाबाने येईल.' 'शाळेच्या हॉलमध्ये मोफत नेत्रतपासणी.' 'बसस्टॉपजवळ चाव्यांचा जुडगा सापडला आहे, खूण सांगून दुकानातून न्यावा.' (जुडगा न्यायला आलेले गृहस्थ जाताना कुकरची रिंग घेऊन गेले.) लोक थांबायला लागले. मान वर करून वाचायचे, आणि वाचता वाचता हात आपोआप एखाद्या डब्याकडे जायचा. शेजारचे पडदेवाले हर्षदभाई तर म्हणाले, "सहदेवभाई, तुम्ही तर चॅनल उघडला." मला ते फार आवडलं. अक्षर माझं चांगलं आहेच. भाषाही, दुकानात भांडी गुंडाळायला येणारे पेपर आधी वाचूनच मग फाडायचे, या सवयीने झालेली.

मग एक दिवस बातमीच नव्हती. पाणी आलं, वीज होती, कोणी हरवलं नाही, कोणी सापडलं नाही. कोणी रस्तासुद्धा खणला नाही. फळा कोरा ठेवणं म्हणजे शटर पाडून बसण्यासारखं. त्या सकाळी घडली होती ती एकच गोष्ट, आणि तीही आमच्या गॅलरीत. कचऱ्याची गाडी आमच्या गेटाशी न थांबता पुढे निघाली होती, शेवंतीच्या हातात ओल्या कचऱ्याची बादली तशीच राहिली, आणि तिने वरून अशी काही हाक मारली की गाडी कोपऱ्यापासून रिव्हर्समध्ये परत आली. मी लिहिलं: 'कचरागाडीच्या मनमानीला लगाम! सौ. शेवंती यांचा खणखणीत आवाज.'

यात खोटं काहीच नव्हतं. आवाज खणखणीत होताच. ड्रायव्हरही कणकवलीचाच निघाला हे मी लिहिलं नाही, जागा कमी होती.

संध्याकाळी घरी गेलो तर शेवंती कमरेवर हात ठेवून उभी. "माझा नाव फळ्यार लिवूक कोणी सांगल्यान?" मी काही बोलणार इतक्यात बेल वाजली. मागच्या बिल्डिंगमधल्या बायका आल्या होत्या. त्यांच्या गल्लीतला दिवा कित्येक आठवडे बंद होता, आणि फळा वाचून त्या शेवंतीताईंना भेटायला आल्या होत्या. शेवंतीताई! मी पंचवीस वर्षं तिला 'अगं' म्हणतोय. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "बसा. चहा टाकते."

दुसऱ्या दिवशी ती वॉर्ड ऑफिसात गेली. जाताना पिशवीत मोड आलेले वाल आणि एक मोठं पातेलं घेऊन गेली. तिला रिकामं बसवत नाही. साहेब मीटिंगमध्ये आहेत असं सांगितलं, तेव्हा ती "बरं" म्हणाली, समोरच्या खुर्चीत बसली आणि वाल सोलायला लागली. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या टेबलावर सालांचा ढीग होता, आणि पातेलं अजून अर्धंच भरलं होतं. साहेबांनी पातेल्याकडे बघून विचार केला असावा. दिवा त्या आठवड्यात लागला.

मी मोठ्या अक्षरात बातमी दिली. मग काय, रांग लागली. गटाराचं झाकण, बागेतला तुटका झोपाळा, शाळेजवळचा खड्डा. शेवंती पिशवी उचलायची आणि निघायची. कामं व्हायला लागली, आणि आमच्या घरी रोज वालाची उसळ. सोललेले वाल टाकून कसे द्यायचे? दिव्याची उसळ एकदाच झाली. गटाराच्या झाकणाला साहेब बदलून गेले, त्यामुळे ते प्रकरण आम्ही बरेच दिवस खात होतो. पण खरं सांगतो, ती घरी यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे काही असायचं ते बघून मी तक्रार गिळायचो. उसळीबरोबर.

अशात एकदा जेवताना ती पद्मजाबाईंबद्दल सांगायला लागली. या निवृत्त शिक्षिका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी घेऊन चालतात. दुपारी शेवंतीकडे येऊन बसल्या होत्या. स्टेशन रोडच्या फूटपाथवर चालायला जागाच नाही म्हणून त्यांना रस्त्यावर उतरावं लागतं. आदल्या दिवशी रिक्षाचा आरसा कोपराला लागला. हात सुजला होता.

मला खरोखर संताप आला. लोकांना माणसाची किंमत नाही, म्हातारीने जायचं कुठून, वगैरे मी बरंच बोललो. माझ्या डोळ्यांसमोर नारळवाला होता, मोबाईलची कव्हरं विकणारे होते, टोपल्या पसरून बसणारा भाजीवाला होता. स्वतःचा माल डोळ्यांसमोर आला नाही. आजवरची माझी समजूत अशी, की फेरीवाला करतो ते अतिक्रमण आणि दुकानदार करतो तो डिस्प्ले.

शेवंती म्हणाली, "अर्ज तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी ताट बाजूला सारून लिहायलाच बसलो. धंदा आयुष्यभर किरकोळ केला, पण किरकोळ लिहिणं मला जमत नाही. लिहिलं: 'स्टेशनच्या बाजूने सुरुवात करून, पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत, कोणाचीही गय न करता फूटपाथ मोकळा करावा.' तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

"पहिल्या दुकानापासून?" ती म्हणाली. "बघा हां."

"पहिल्यापासूनच. सुरुवात घट्ट हवी."

"बरं," ती म्हणाली आणि मला आणखी उसळ वाढली.

सकाळी तोच मजकूर मी फळ्यावर उतरवला. हर्षदभाई बाहेर आले, वाचू लागले, आणि वाचता वाचता आपल्याच दुकानाच्या पायरीवर बसले. हसून त्यांना बोलता येईना. मग डोळे पुसत म्हणाले, "सहदेवभाई, पहिला दुकान तो आपका है ना."

मी फळ्याकडे बघितलं. मग बादल्यांकडे बघितलं. मग शेवंतीला फोन लावला. तिने उचलला नाही. हात वालात असणार.

दुपारी दुकान हर्षदभाईंवर सोपवून घरी गेलो. ती परत आली होती. अर्ज दिला होता, शिक्काही मिळाला होता.

"अगं, पहिलं दुकान आपलं आहे," मी म्हणालो.

"मला माहीत आहे."

"मग काल बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सुरुवात घट्ट हवी."

मी सुचवलं की आपला माल तेवढा सोडून बाकी फूटपाथ मोकळा करता येईल का, तसं साहेबांच्या कानावर घालता येईल का. ती वाल सोलायची थांबली. "म्हणजे पद्मजाबाईंना सांगू, सगळीकडे फूटपाथवरून चाला, फक्त माझ्या नवऱ्याच्या दुकानाशी रिक्षाखाली जा?"

मी पिशवीतला एक वाल उचलून सोलायला लागलो. ते बघून तीच नरमाईने म्हणाली, "आजच माल आत घ्या. मी येते हात लावायला."

पण मी धंदेवाला. इतकी वर्षं मुलुंडात काढली, अतिक्रमणवाल्यांची गाडी कशी येते हे मला तिने शिकवायचं का? गाडी नेहमी मार्केटच्या टोकाने शिरते. तिकडचा भाजीवाला "गाडी आली" म्हणून ओरडतो, हाक दुकानागणिक पुढे सरकते, आणि आमच्याकडे पोचेपर्यंत बादल्या आत, कढया आत, मी पेपर वाचत बसलेला. आमची ही व्यवस्था आजवर कधी चुकली नव्हती. मी तिला म्हटलं, तू काळजी करू नकोस, आधी हाक येईल.

त्याच आठवड्यात एका सकाळी गाडी आली, ती स्टेशनच्या बाजूने. माझ्या अर्जाप्रमाणे. पहिल्या दुकानापासून.

मी काही कळायच्या आत ओरडलो, "गाडी आली!" ही अंगवळणी पडलेली सवय. माझी हाक ऐकून हर्षदभाईंनी पडदे आत ओढले, पुढच्याने खुर्च्या उचलल्या, असं करत पार तिकडचा भाजीवाला टोपल्यांसकट गल्लीत नाहीसा झाला. मार्केटच्या टोकापर्यंत फूटपाथ आरशासारखा लख्ख. त्या रोडवर त्या सकाळी अतिक्रमण सापडलं ते फक्त माझं.

बादल्यांचा मनोरा उतरायला लागला तेव्हा शेवंती धावत आली. मला वाटलं, सुटलो. मी पथकाच्या साहेबांना सांगितलं, ही अर्जदार, ही माझी बायको.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. बहुतेक वालांवरून ओळखलं असावं. "ताई, मग यांचं काय करायचं?"

शेवंती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाच वाटलं की तिने आता 'सोडा' म्हणू नये. म्हटलं असतं, तर उद्या वॉर्ड ऑफिसातल्या खुर्चीत ती कुठल्या तोंडाने बसली असती?

"अर्जात लिहिलंय तसं करा," ती म्हणाली. "पण पराती आडव्या ठेवू नका हो, पोचे पडतात."

गाडीत पराती उभ्या लागल्या, तिने स्वतः लावून दिल्या. सगळ्यात शेवटी फळा गेला. तोही फूटपाथवरच होता. इतकी मोठी बातमी घडली आणि लिहायला जागा नाही, याचंच मला त्या वेळी जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी घरी बांगड्याचं तिखलं होतं. शेवंती कोणाची माफी मागत नाही, बांगडे आणते. मी हात चाटून जेवलो आणि म्हटलं, सुरुवात घट्ट झाली. ती हसली, मग पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिली.

माल यथावकाश सुटून आला. आता तो सगळा आत आहे आणि मी त्याच्या फटीत बसतो. परवा काठीचा आवाज करत एक बाई फूटपाथवरून सरळ चालत आल्या, दाराशी थांबल्या, आणि चहाची गाळणी मागितली. मी चांगल्यातली काढून दिली. त्यांनी दुकान वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नवीन दुकान वाटतं," त्या म्हणाल्या. "बरं झालं हो. आधी इथे कोणीतरी मेला नुसत्या बादल्या रचून बसायचा. बादल्यांमागे माणूस कधी दिसला नाही. आमच्या शेवंतीताईंनी हुसकावला त्याला. तुम्ही सभ्य दिसता. ओळखता ना शेवंतीताईंना?"

"तोंडओळख आहे," मी म्हणालो.