वळकटींतल्या द्राक्षासवाची हकीकत

श्रीगजवदनास नमन. ज्या देवतेच्या कृपेनें काच शाबूत राहते तिचें नांव ठाऊक नाहीं, तरी तिजलाही नमन. शके सोळाशें शहात्तर, भावनाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं जें वर्तमान जाहलें तें यथास्थित लिहितों; लटकें असेल तर लेखणी मोडो.

ते समयीं राज्याचे वकील तिमाजीपंत समुद्रापार टोपीकरांचे मुलखीं होते, आणि समागमें कुटुंब सगुणाबाई होत्या. स्वदेशीं परतावयाचें ठरलें तों महाराजांची आज्ञा आली कीं, टोपीकरांचा सरदार पौषांत भेटीस येतो, त्यास त्याचेच देशीचें द्राक्षासव पाजून थक्क करावें, सबब काचेचे सहा शिसे भरून आणणें. पंतांनीं कपाळास हात लाविला. कां कीं पूर्वीं दोन वेळ हेंच काम फसलें होतें. पहिले खेपेस पेटाऱ्यांत शिशास शिसा लागून घाटउतारीं सगळ्यांचा चुरा जाहला, आणि तहाचा कागद तांबडा होऊन दरबारीं पोहोंचला; दुसरे खेपेस आंत काय आहे हें हमालांस कळलें, मग त्यांनीं वाटेंत बहुत काळजीनें चाखून पाहिलें आणि शिशांत विहिरीचें पाणी भरून ठेविलें. तेव्हां महाराज संतापून बोलिले होते, "तिसऱ्यानें ऐसें जाहलें तर वकिली काढून गडावरील शेळ्या राखावयास लावूं." आणि महाराज बोलत तें करीत, हें पंत जाणून होते.

मग पंत दोन दिवस पेटाऱ्यापुढें बसून कधीं पेंढा भरीत आणि कधीं उपसीत, आणि अन्न गोड लागेना. तें पाहोन सगुणाबाई बोलिल्या, "अहो, उठा तेथून. पेटारा म्हटला कीं सगळ्यांचा डोळा त्यावरच. माझ्या गोधडींत बांधूं." पंत चपापले. ती गोधडी बाईंच्या मातोश्रींनीं आपलीं जुनीं लुगडीं जोडून शिवलेली, आणि मातोश्री वारून सात वर्षें जाहलीं. बाई ती कोणास पांघरूं देत नसत, पंतांस ताप आला तरी घोंगडीच देत. पंत म्हणाले, "एक शिसा फुटला तरी डाग जन्मांत जाणार नाहीं." बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. पण तुम्हांला शेळ्यांमागें धांवतांना मला पाहवणार नाहीं." ऐसें म्हणोन बुचांवर मेण ओतिलें, आणि एकेका शिशास पंतांचें एकेक धोतर गुंडाळिलें, आणि गोधडी अंथरून एक शिसा ठेवावा, एक वळसा द्यावा, पुन्हा शिसा, पुन्हा वळसा, ऐशी अळूवडीचा उंडा वळावा तैशी वळकटी वळिली आणि सुंभानें आवळिली. पेटाऱ्यांत पंतांचे जुने जोडे भरिले, मोठें कुलूप घातलें, मग पंतांनीं हमालांचा नाईक कुसाजी यास बजाविलें, "नाईक, पेटाऱ्यांत महाराजांची वस्त आहे. जिवापाड जपणें."

आतां चूक ती येथेंच जाहली. पंत राजकारणीं बहुत हुशार, परंतु जन्मांत स्वतः ओझें उचलिलें नव्हतें; पेटारा उचलावा आणि वळकटी फेकावी ही हमालांची पिढीजात चाल त्यांस ठाऊक नव्हती. गलबत बंदरीं लागलें, तों कुसाजीनें पेटारा लेकरासारखा उतरविला, आणि वळकटी "झेल रे!" म्हणोन गलबतावरून धक्क्यावर भिरकाविली. झेलणारा तपकीर ओढीत होता. वळकटी धप्पदिशीं पडली. पंतांनीं डोळे मिटले आणि बाईंनीं पदर तोंडांत धरिला. बोलावें तर हमालांस कळतें, न बोलावें तर शिसे जातात. पंत बोलिले नाहींत. पुढें घाटाखालीं बैलाचे पाठीवरून आपटली, आणि राजवाड्याचे पायरीवर तिसऱ्यानें आपटली, तेव्हां पंतांनीं वकिलीची आशा सोडिली.

दरबारीं पेटारा चौरंगावर ठेवून वाजंत्री वाजली, कुलूप काढिलें, तों जोडे निघाले. महाराजांची भुवई चढली. मग पंत पुढें होऊन म्हणाले, "महाराज, वळकटी सोडावी." सुंभ सुटलें, वळसे उलगडले, आणि एक शिसा निघाला, मग दुसरा, आणि सहाचे सहा अखंड; टिपूस सांडला नाहीं. महाराज सिंहासनावरून उठोन खालीं आले, गोधडी हातीं घेऊन चांचपली आणि बोलिले, "शाबास पंत! वकिली तुमची कायम. आणि ही गोधडी जामदारखान्यांत जमा करा, यापुढें दर सालीं द्राक्षासव हिच्यांतूनच येईल." बाई भिंतीशीं उभ्या होत्या, त्यांचे डोळे भरून आले, परंतु महाराजांपुढें काय बोलणार? तें पंतांनीं पाहिलें. मग जो पुरुष वाटेंत तोंड उघडीना तो भर दरबारीं मोठ्यानें बोलिला, "वकिली घ्यावी महाराज, शेळ्या द्याव्या. गोधडी मिळणार नाहीं. ती यांच्या आईची आहे."

महाराजांनीं स्वहस्तें गोधडीची घडी घातली, वेडीवांकडी घातली परंतु घातली, आणि बाईंचे हातीं देऊन म्हणाले, "वकिली पंतांकडेच असों द्या." घरीं जातां बाई बोलिल्या, "एवढें तोंड बंदरावर उघडलें असतेंत, तर माझी गोधडी तीनदा आपटली नसती." आणि खुदकन हंसल्या.

येणेंप्रमाणें शिसे सहा, फुटला एकही नाहीं. वकिली पंतांकडे, गोधडी बाईंकडे. कुसाजी नाईक मात्र अद्याप चारचौघांत सांगतो कीं, पेटारा आपण जिवापाड जपला म्हणोनच सगळें निभावलें. लेखनसीमा.