सुभेदारांची पार्ट टू ऑर्डर

आमच्या दापोडीच्या इमारतीत मूल जन्माला आलं की पेढ्यांच्या आधी कागद येतो. जिन्याखालच्या फळ्यावर, निळ्या शाईत, पट्टीने ओळी आखून: ‘पार्ट टू ऑर्डर. फ्लॅट नंबर सात. एक कन्या वाढली. आई व बाळ सुखरूप. वडील घाबरलेले.’ खाली सही, सुभेदार खांडगे, निवृत्त.

पलटणीत जवानाच्या घरात कोणी वाढलं किंवा कमी झालं की त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरने निघते. ती निघाली की मग बायकोमुलांना दवाखाना, कार्ड, सवलती. सुभेदारांनी पलटणीच्या ऑफिसात वर्षानुवर्षं हेच केलं आणि निवृत्त होताना ते काम ट्रंकेत घालून दापोडीला आणलं. कोणतीही बातमी सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. “ऑर्डर निघाली?”

साळव्यांची मुलगी वाकडला नोकरीला लागली तेव्हा दुसऱ्या दिवशी फळ्यावर झळकलं: ‘कु. साळवे आजपासून वडिलांवर अवलंबित नाही.’ साळवे फळ्यासमोर उभे राहून कधी हसत होते, कधी नाक पुसत होते.

मी मुळातला चौकस. (बायको यासाठी दुसरा शब्द वापरते.) हा माणूस स्वतःच्या घरात काय करतो, याचं मला फार कुतूहल. तर स्वतःच्या घरात तो जास्तच कडक. मुलाला पंचवीस पूर्ण झाली की वडिलांच्या कार्डावरून त्याचं नाव निघतं. सुभेदारांच्या मुलाने पंचविसाव्या वाढदिवसाचा केक संध्याकाळी कापला. यांनी नाव सकाळीच कापून आणलं होतं. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गेल्या, तेव्हा तर चौथ्या दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन हे माजी सैनिकांच्या ऑफिसात हजर. अख्खी इमारत हळहळली, की काय हा दगड! मीही त्यात होतो, नव्हे, पुढे होतो. पुढे कधीतरी विषय निघाला तेव्हा एवढंच म्हणाले, “ती नाही, आणि कागदावर रोज हजर? तिची खोटी हजेरी मी लावू?”

वहिनींच्या तेराव्याला त्यांच्या आई, हौसाबाई, मावळातून आल्या आणि राहिल्या. आल्या दिवसापासून त्यांची कापडी पिशवी दाराच्या मागे भरलेलीच. त्या दोघांची भांडणं आम्ही जिन्यात थांबून ऐकायचो.

“आत्याबाई, आठ वाजता गोळी म्हणजे आठ. आठ-पाच नाही.”

“म्या काय पलटणीत हाय व्हय, जावईबापू? आन् तुमी च्या पिऊन कप तसाच ठिवला, त्याची आर्डर काडा आदी!”

पण महिन्या-दोन महिन्यांनी हौसाबाई पिशवी उचलायच्या. “लेक हुती तवर लेकीचं घर. आता कोन म्हनून ऱ्हाऊ हितं? लोक इचारत्यात.” सुभेदार काहीबाही कारण काढून थांबवायचे, कधी पाऊस, कधी एसटीचा संप. शेवटी एकदा हौसाबाईच म्हणाल्या, “सरकारानं तुमच्या कारडावर माजं नाव लिवलं, तर ऱ्हाईन. न्हाईतर येत्या रविवारी पुतन्या न्यायला येनार.”

सुभेदार सोमवारी सकाळी माझ्या दारात. “काय एचआर, फॉर्म भरता येतो ना?”

मी चाकणच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. फॉर्म हा माझा प्रांत. एकदा कंपनीच्या विम्याच्या फॉर्मवर मी स्वतःच्या बायकोला माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी केलं होतं. ते प्रकरण घरी अजून मिटलेलं नाही, पण ते सुभेदारांना ठाऊक नव्हतं. मी ऐटीत लॅपटॉप उघडला.

सगळं सुरळीत चाललं. मग रकाना आला, नाते. त्यात पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. सासू कुठेच नाही. सुभेदार पाणी प्यायला आत गेले होते. कंपनीत अशा वेळी आम्ही जवळचं काहीतरी टाकतो आणि जेवायला जातो. मी ‘आई’ निवडलं, बटण दाबलं आणि बाहेर आलेल्या सुभेदारांना म्हणालो, “झालं!”

गुरुवारी रात्री सुभेदारांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. ऑफिसचा निरोप होता: आपल्या मातोश्री मयत असल्याची नोंद आपण स्वतः यापूर्वीच केली आहे, तरी पुनश्च नोंदीबाबत खुलासा करावा.

“एचआर,” ते शांतपणे म्हणाले, “माझ्या आईला तुम्ही उठवलंत?”

शुक्रवारी माझी रजा टाकून, माझ्याच स्कूटरवर, माझ्या मागे ताठ बसून ते मला ऑफिसात घेऊन गेले. खिडकीपलीकडे एक माजी हवालदार होता. सुभेदारांनी माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली. हवालदार ओशाळला.

“साहेब, चूक काढून टाकतो. पण नियमात सासू बसत नाही.”

“म्हणजे काय? माझ्या आईनंतर मला गरम भाकरी कोणी वाढली असेल तर…” त्यांनी टोपी नीट केली. “नियम म्हणजे नियम. जय हिंद.” येताना ते मागे इतके गप्प होते, की एका सिग्नलला मी वळून पाहिलं, बसलेत की पडले.

हौसाबाईंनी दारातच चेहरा वाचला. “न्हाई ना? बरं झालं. म्या जाते रविवारी.”

रविवारी सकाळी मी दूध आणायला खाली उतरलो, तर फळ्यावर नवा कागद. शाई ओली होती. मी वाचत असतानाच मागून हौसाबाई पुतण्याची वाट बघायला पिशवी घेऊन जिना उतरल्या. त्यांना वाचता येत नाही. “कुनाचं काय निगालं रं?”

मी वाचून दाखवलं. ‘पार्ट टू ऑर्डर. फ्लॅट नंबर चार. कुटुंबप्रमुख: श्रीमती हौसाबाई. अवलंबित व्यक्ती: एक. नाव: सुभेदार खांडगे, निवृत्त. नाते: जावई. मुदत: कायम.’

“अवलंबित म्हंजी?”

फॉर्मवाल्या माणसाला सोपा शब्द चटकन सुचत नाही. “म्हणजे... तुमच्यावाचून त्यांचं भागत नाही, आजी.”

हौसाबाईंनी मान वर केली. वर पहिल्या मजल्यावर सुभेदार विजेचा मीटर तपासत होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती, आणि तो मीटर साळव्यांचा होता.

“सुबेदाराची सही हाय खाली?”

“आहे.”

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. “वर न्हेऊन ठिव.” आणि गुडघ्यावर हात ठेवून जिना चढत ओरडल्या, “जावईबापू! त्यो मीटर काय पळून जात न्हाई. आठ वाजून पाच झाल्यात, माजी गोळी कुटं हाय?”