सगळ्यांना बंदी

रविवारी कामाला हात लावायचा नाही, हा सामोआच्या आपिया शहरातल्या त्या घराचा कायदा. तरी चर्चहून आल्याआल्या, कमरेला गुंडाळलेला पांढरा लावालावाही न बदलता, पेसामिनोनं लॅपटॉप उघडला.

"दोन ओळींचं काम आहे," तो बायकोला म्हणाला. (जगातले सगळे मोठे घोळ दोन ओळींचेच असतात.)

कारणही तसंच होतं. सोमवारी सकाळी शाळेच्या शेवटच्या वर्षाचा निकाल. तेलेसियाची, म्हणजे बायकोची, धाकटी बहीण रूता त्याच परीक्षेला बसलेली. आणि निकाल ज्या युनिक्स सर्व्हरवर होता, तो सांभाळायचं काम पेसामिनोकडे. गेल्या वर्षी अख्खा सामोआ एकदम आत घुसला आणि सर्व्हरनं मान टाकली. पुढे कित्येक दिवस लोक त्याला भर बाजारात विचारत होते, "काय रे, शुद्धीवर आलं का तुझं यंत्र?" यंदा त्यानं चंग बांधला होता. आत कोणी यायचं, एका जागेवरून एका वेळी किती जणांनी यायचं, सगळ्याला शिस्त लावायची!

दुरून आत येणाऱ्यांसाठी अशा बंदोबस्ताच्या दोन याद्या असतात. एक बंदीची, एक परवानगीची. शहाणा माणूस आधी परवानगीची लिहितो. पेसामिनोनं आधी बंदीची उघडली, 'सगळ्यांना' असं लिहिलं आणि सेव्ह केलं. तो स्वतः आधीपासून आत होता, म्हणून त्याला धक्का लागला नाही. तो ऐटीत दुसरी यादी उघडणार, एवढ्यात सासूबाई आल्या, भिंतीतली एक पिन उपटली आणि तिथे पंखा लावला.

"आई, ते इंटरनेट होतं!"

"असेल. मला वारा हवाय."

इंटरनेट परत आलं, पण सर्व्हर काही त्याला दारात उभं करीना.

"काय झालं?" तेलेसियानं विचारलं.

"त्यानं सगळ्यांना बंदी केलीय."

"कोणी सांगितलं त्याला?"

"मी. पण 'सगळ्यांत' मी नव्हतो धरलेला."

सर्व्हर होता समुद्रापलीकडे, सवाई बेटावर. (वादळात दोन्ही बेटं एकदम बुडायची नाहीत, हा साहेबांचा हिशेब.) तिथला रखवालदार आपेलू फोनवर म्हणाला, "एवढंच ना? किल्ली आहे माझ्याकडे. मी बसतो यंत्रासमोर, तू पासवर्ड सांग."

पेसामिनोनं मागे वळून पाहिलं. पंख्यासमोर सासूबाई टक्क जाग्या होत्या, आणि पासवर्ड त्यांच्याविषयीच होता.

"नको. मीच येतो," तो म्हणाला.

"दोन ओळींसाठी बोटीनं?" तेलेसिया म्हणाली. "वेड लागलंय का तुला?"

"रूताचा निकाल उद्या दिसलाच पाहिजे. पोहत जावं लागलं तरी जाईन."

"पोहू नकोस, सामान भिजेल," सासूबाई म्हणाल्या आणि तिकडच्या बहिणीसाठी एक तारोच्या कंदांची टोपली आणि पोत्यात घातलेलं एक डुकराचं पिल्लू त्याच्या हाती दिलं. पिल्लाला बोट मानवली नाही. पेसामिनोलाही नाही. धक्क्यावर उतरला तेव्हा पांढऱ्या लावालावावर दोघांच्याही खुणा होत्या. आपेलूनं त्याला पाहिलं आणि दोन पावलं मागे सरून किल्ली लांबूनच दिली.

पण गडी हटला नाही. सर्व्हरसमोर बसून त्यानं परवानगीची यादी लिहिली, मग मर्यादा घातल्या: एका जागेवरून एका वेळी तिघंच. चौथ्यानं थांबायचं. दहादा तपासलं. सकाळी निकाल लागला, देश आत घुसला, आणि सर्व्हर ढिम्म हलला नाही! साहेबांचा फोन आला, "पेसामिनो, शाबास." आपेलूनं तर मिठी मारली. (वारा कुठून येतोय ते पाहून.)

तो छाती काढून घरी पोहोचला, तर अंगणात चपलांचा ढीग. निकाल पाहायला तेलेसियाचं सगळं माहेर गोळा झालेलं. काका, मावश्या, भाऊ, वहिन्या, सगळे घरातल्या त्याच एका इंटरनेटवर. सर्व्हरच्या लेखी ती एकच जागा. तिच्या वाट्याचे तिन्ही प्रवेश थोरल्या काकांनी आणि दोन मेहुण्यांनी पटकावले होते. मेहुणे रूताचा नंबर चुकवून पुन्हा पुन्हा घालत होते. काका नंबर न घालताच निकालाचं पान उघडं ठेवून घोरत होते, आणि झोपलेल्या थोरल्यांच्या हातातून फोन काढायची कोणाची छाती नव्हती.

"अरे, दिसला का रूताचा?" त्यानं विचारलं.

"दिसतोय कुठला!" तेलेसिया कडाडली. "सकाळपासून 'थांबा' म्हणतोय. शेवटी ऑकलंडहून आतेबहिणीनं फोन करून सांगितलं. पास झाली. परदेशात दिसतो आणि आपल्या घरात दिसत नाही! कुठल्या शहाण्यानं केलंय हे?"

पेसामिनो लावालावाचा डाग झाकत म्हणाला, "चौकशी करतो मी."

संध्याकाळी सगळे प्रार्थनेला बसले. सासूबाईंनी रूताच्या यशाबद्दल देवाचे आभार मानले, सवाईच्या बहिणीला तारो पोहोचल्याबद्दल मानले, मग आवाज चढवून म्हणाल्या, "आणि हे प्रभो, आज आमच्या घराला ज्यानं दाराबाहेर उभं केलं, त्या मूर्खाला थोडी तरी अक्कल दे."

सगळे म्हणाले, "आमेन."

सर्वांत मोठा आवाज पेसामिनोचा होता.