उदाजीरावांची तिसरी थाप

एका जंगलात खाडीचा बांध फुटला, आणि ज्यांनी तो फुटू दिला ते त्या दिवशीही पोटभर जेवले. नावं मी घेत नाही. मुलांनो, तुम्ही माना खाली घालू नका. तुम्ही अजून कुठल्या सभेवर निवडून आलेला नाहीत.

तर त्या जंगलाला समुद्र लागून होता, आणि समुद्रावर सिंहमहाराजांचं आरमार होतं. आरमार म्हणजे ओंडक्यांचे सात तराफे. त्यांचे सरदार होते उदाजीराव. हे एक पाणमांजर. लहानपणी तराफ्यातलं पाणी उपसायला लागले आणि तीस पावसाळ्यांनी दर्यासारंग झाले.

त्यांची एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. एकदा वादळ आलं. महाराजांचा निरोप येईपर्यंत नांगर उचलायचा नाही, असा हुकूम होता. निरोप काही येईना. उदाजीरावांनी सातही दोरखंड दातांनी तोडले आणि तराफे खाडीत आणले. एकही जीव गेला नाही. मग त्यांची चौकशी झाली, त्यांना ताकीद मिळाली आणि नंतर छातीवर शिंपला मिळाला. याच क्रमाने.

निवृत्तीनंतर असा माणूस वाया जाऊ नये म्हणून त्यांना जंगलसभेचे दंडधारी नेमण्यात आलं. काळी काठी, काळा कोट आणि गुडघ्यापर्यंत मोजे. काम एकच. बाहेरून निरोप आला की तो घेऊन सभागृहाकडे चालत जायचं. ते दिसले की सभासद त्यांच्या तोंडावर दार आपटायचे. मग काठीने दारावर तीन थापा मारायच्या. तिसरी थाप ऐकून सभापती विचारायचे, "कोण आहे?" मग दार उघडायचं.

हे असं का, ते ऐका. फार पूर्वी एक सिंह न विचारता सभेत शिरला होता आणि दोन सभासद खाऊन गेला होता. तेव्हापासून सभा दार आपटते आणि आपण कुणाला भीत नाही हे सिद्ध करते. सिंह त्यानंतर मागच्या दाराने येऊ लागले.

उदाजीराव कामात चोख होते. पावलं मोजून टाकायचे. काठीला रोज तेल लावायचे.

एका अमावास्येला सकाळी हौसा उंदरीण त्यांच्याकडे धापा टाकत आली. ती बांधाखालच्या शेतात राहायची. बिळात सात पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली. तिने सांगितलं की बांधाला हातभर भेग पडली आहे आणि पाणी झिरपतंय. उदाजीरावांनी आकाशाकडे पाहिलं, वारा हुंगला आणि सांगितलं की दुपारी बाराला उधाण येईल. बांध टिकणार नाही. हत्तींनी तासाभरात दगडमाती टाकली तरच काही होईल. हत्ती सभेत बसले होते.

त्यांनी हे कागदावर लिहून घेतलं आणि ते लगेच निघाले. पावलं मात्र मोजूनच.

ते दिसताच दार आपटलं गेलं. त्यांनी पहिली थाप मारली. दुसरी मारली. तेवढ्यात आत कोल्ह्याने कोटी केली की, बघा रे, दाराला वाळवी लागली वाटतं. सगळी सभा बाकं बडवून हसली. त्याच गदारोळात बाहेर तिसरी थाप पडली.

आता नीट लक्ष द्या. बाहेर तीन थापा झाल्या होत्या, आत दोनच ऐकू आल्या होत्या. सभापती गवा तिसरीची वाट पाहत बसले. उदाजीराव प्रश्नाची वाट पाहत उभे राहिले. कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

बराच वेळ गेला.

"सारंगसाहेब, आणखी एक मारा की," हौसा म्हणाली.

"बाई, थापा तीनच असतात."

"त्यांना ऐकू नसेल गेली."

"चौथी थाप आजवर कुणी मारलेली नाही. तो सभेचा अपमान होतो."

"आणि ते दोरखंड तोडलेत तेव्हा? माझा बाप होता त्या तराफ्यावर. कुणाला विचारलं होतंत?"

उदाजीरावांनी कोटाची गुंडी नीट लावली. मग म्हणाले, "तेव्हा अंगावर हा कोट नव्हता."

हौसाने स्वतःच दारावर पंजे मारून पाहिले. उंदराच्या पंजाचा कितीसा आवाज होणार? मग ती पळत सुटली. एक पिल्लू तोंडात धरून आणलं, सभेच्या पायरीवर ठेवलं. परत गेली, दुसरं आणलं. तिसऱ्यासाठी वळली आणि बांध फुटला.

आवाज फार मोठा झाला. आत सभापतींनी समाधानाने मान हलवली. तिसरी थाप आली, अशी नोंद झाली.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

दार उघडलं. उदाजीराव आत गेले, तीनदा वाकले आणि निरोप वाचला: बांध फुटण्याच्या बेतात आहे. लिहिलेल्या निरोपात बदल करायचा नसतो. सभेने एकमताने चिंता व्यक्त केली. हत्तींना दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवायचं ठरलं.

पाणी ओसरायला आठ दिवस लागले. हौसा दोन पिल्लं घेऊन डोंगरापलीकडे निघून गेली. उदाजीरावांना कठीण प्रसंगी सभेची शान राखल्याबद्दल दुसरा शिंपला मिळाला. या वेळी चौकशी झाली नाही.

तात्पर्य: दाराची राखण नेहमी शूराकडेच द्यावी. भित्रा एखाद्या दिवशी घाबरून दार तोडेल. शूर तसं कधीच करणार नाही.

हे तात्पर्य सभेच्या भिंतीवर कोरायचं ठरलं. ते कोरलं जात असताना चिखल भरलेल्या पायऱ्या धुणारी खेकडी वर न बघता म्हणाली, "दाराची कडी तर गेल्या शिमग्यापासून मोडलीय. ढकललं असतं तरी उघडलं असतं."