उसना शब्द द्यायचा नाही

मेधा आमच्याकडे चहाला आली की कपाकडे बघत नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघते. जीभ कुठे लागते, ओठ कधी मिटतात. एकदा वैतागून मी कवळीच काढून बसले. म्हटलं, "बघ आता!" तर तिला आनंदच झाला. "काकू, तशाच 'त' म्हणा ना!"

नाहूरला आमच्या शेजारच्या घरात ती एकटी राहते. माणसाचं बोलणं कशाने अडतं, यावर तिचं संशोधन चालतं. चाळिशी उलटली. घरात पुस्तकं आणि ब्रेड, दुसरं काही नाही.

गेल्या वर्षी आमच्या ह्यांना झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द गेले. सगळं कळायचं, बोलता यायचं नाही. मीच भराभर विचारायची, पाणी? पंखा? पेपर? मेधा ओरडली, "काकू, उसना शब्द द्यायचा नाही! थांबायचं." मग रोज संध्याकाळी ह्यांच्यासमोर येऊन बसायला लागली. हे गप्प, ती गप्प. म्हटलं, झालं, आता दोन मुके सांभाळा.

पुढे तिने टूम काढली, काकांना मासे घ्यायला न्यायचं. हे मालवणकडचे. जन्मभर कोळणीशी भांडल्याशिवाय मासळी घेतली नाही. आता पाटीपुढे नुसते तोंड उघडून उभे, आणि शेजारी मेधाचा पहारा.

"काय देऊ बाबा? बांगडा?" कोळणीने विचारलं.

मेधाने हात आडवा केला. "उसना शब्द द्यायचा नाही!"

"अगं बाय, हा बोलेपर्यंत माझी मासळी कुजंल!"

असे कितीतरी रविवार गेले. मी तर आशाच सोडली होती. मग एका रविवारी ह्यांनी बांगडा उचलला, कल्ले उघडून बघितले आणि म्हणाले, "ह्यो... का... कालचो आसा."

कोळीण भडकली. मेधा भर बाजारात नाचायला लागली. मी तिथेच ओट्यावर बसले. बांगडे मात्र त्या कोळणीकडूनच घेतले. एवढं बोलून न घेणं बरं दिसत नाही.

दुपारी मी बांगडे तळत होते. मेधा दारात येऊन म्हणाली, "काका बोलायला लागले. आता मी रोज यायला नको." म्हणाली खरी, पण जाईना. एक चप्पल पायात, एक बाहेर, तशीच उभी.

ह्यांनी तोंड उघडलं. "रो... रो..." शब्द माझ्या ओठांवर आला होता. गिळला.

"रोज... ये. जेवक."

आता मेधाचं तोंड उघडं राहिलं. आवाज फुटेना. मी काहीतरी बोलणार, तोच ह्यांनी माझ्यासमोर हात आडवा केला, अगदी तिच्यासारखा.

मी गप्प बसले आणि तिसरं ताट वाढलं.