परत आलेला फोटो

आष्ट्याच्या आप्पासोंनी लेकीचं, विजयमालाचं, लग्न साखर कारखान्यातल्या कारकुनाशी जवळजवळ पक्कं केलं होतं. सोमवारी सुपारी फुटायची होती. शनिवार मोकळा होता, म्हणून ते मेढ्याजवळच्या गावी बहिणीकडे आले. खरं म्हणजे बहिणीकडे नव्हे, तिच्या घरातल्या टीव्हीकडे आले. तिचे यजमान नाथाजी, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. आसपासच्या गावांत टीव्ही फक्त त्यांच्याकडे; छपरावर तीस फुटी बांबू आणि बांबूवर एरियल. त्या संध्याकाळी भुताच्या मालिकेतला सगळ्यात मोठा भाग होता. एवढे दिवस भुताची नुसती पावलं वाजत होती. आज मेलेल्याचा चेहरा दिसणार होता.

सोप्यात गाव दाटीवाटीनं बसलं. अगदी पुढं शेजारच्या शालूबाई. त्यांना बघून आप्पासो जरा अवघडलेच, कारण शालूबाईंच्या सयाजीचं स्थळ महिन्यापूर्वी त्यांनीच होकार देऊन मोडलं होतं. पोरगा मुंबईला, नाटकांना आणि टीव्हीवाल्यांना सामान भाड्यानं देणाऱ्या दुकानात कामाला. "खुर्च्या वाहणारा जावई नको," म्हणून आप्पासोंनी त्याचा फोटो पोस्टानं परत पाठवला होता. विजयमाला त्यावर दोन दिवस जेवली नव्हती. आप्पासोंनी ते मनावर घेतलं नाही.

पडद्यावर दिवा विझला, दार करकरत उघडलं. बायका पदर तोंडात धरून बसल्या. पावलं वाजत वाजत भिंतीपाशी थांबली, आणि भिंतीवर हार घातलेला मेलेल्याचा फोटो दिसला.

फोटो सयाजीचा होता.

तोच तिरपा भांग, कॉलरीत तोच रुमाल, मागं स्टुडिओतला तोच रंगवलेला धबधबा. आप्पासोंनी तो आठ दिवस उशाशी ठेवला होता, त्यांची चूक होणंच शक्य नव्हतं. तेवढ्यात छपरावरच्या एरियलवर कावळा बसला आणि चित्र जाऊन पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या.

"माझा सयाजी!" शालूबाईंनी हंबरडा फोडला.

"आवं काकी, नाटक हाय ते," गुंडा पैलवान म्हणाला. साऱ्या सोप्यात शहाणा तेवढाच निघाला, म्हणून त्याचं कुणी ऐकलं नाही.

"नाटकातली मानसं खोटी रं," नाथाजी उठून उभे राहिले. "पर फोटू तर खरा हाय न्हवं? जित्या मानसाच्या फोटूला कोन हार घालंल? आनि ही सरकारी टीव्ही हाय. फौजेत बी आसंच. आदी बातमी, मागनं तार."

सगळ्यांना धक्काच एवढा बसला होता की जो तो मान हलवत होता.

"हार सुकल्याला व्हता," बायकांतल्या रंगुबाई डोळे पुसत म्हणाल्या. "म्या बघितलं. फुलं पार लोंबल्याली."

"म्हंजी दोन दिस झालं," नाथाजींनी बोटं मोजली. "मग तिसरा उद्याच की! मुंबईवाल्यांनी बाकीचं उरकलं आसंल. आपन निदान कावळ्याला निवद तरी ठिवू."

पोस्ट रविवारी बंद. विचारायचं कुणाला? आप्पासो रात्रभर कुशीवर कुशी बदलत होते. त्या पोरानं फोटो परत आलेला बघून जिवाचं काही बरंवाईट केलं, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना.

सकाळी नदीकाठी केळीच्या पानावर निवद मांडला. सयाजीच्या आवडीचं कोंबडं, भाकरी, वर कंदी पेढा. कावळा बाभळीवर येऊन बसला, पण खाली काही उतरेना. शालूबाई म्हणाल्या, "माझी काळजी करू नगंस, लेकरा." कावळा ढिम्म. नाथाजी म्हणाले, "तुज्या आईला मी संबाळतो." कावळ्यानं चोच पुसली आणि दुसरीकडं बघितलं.

मग सगळं गाव हळूहळू आप्पासोंकडं बघायला लागलं. ते पानाच्या अगदी जवळ उभे होते, डोक्याला भला मोठा लाल पटका. त्यांना रडू आवरेना.

"चुकलं माजं, सयाजी," ते हात जोडून म्हणाले. "तू आसतास तर इजयमाला तुलाच दिली आसती. कारकून मरू दे. गावादेखत सबूद देतो." असं म्हणून ते डोळे पुसायला मागं सरले. पटका बाजूला होताच कावळा झपकन उतरला आणि त्यानं कोंबडीचा तुकडा उचलला.

"शिवला! शिवला!" गाव गहिवरलं.

"कोन गेलं वं?" मागून कुणीतरी विचारलं.

दहाच्या एसटीनं उतरलेला सयाजी पिशवी घेऊन उभा होता. बायका किंचाळल्या, दोन पैलवान पाण्यात उतरले. शालूबाईंनी आधी त्याचे पाय बघितले. ते सुलटे होते. मग त्याच्या थोबाडीत दिली, मग गळ्यात पडून रडल्या.

"आगं, नाटकाला मेलेल्याचा फोटू पायजे व्हता," सयाजी गाल चोळत म्हणाला. "जित्या मानसाचा कुनी द्यायला तयार हुईना. माजा ह्या आप्पासोमामांकडनं परत आल्याला पडून व्हता, म्हनलं ह्यो घ्या. मालक खूश झाला, दोन दिस रजा दिली. तुमी बघितला न्हवं?"

"बघितला," नाथाजी म्हणाले, आणि त्यांनी आप्पासोंचा शब्द, कावळा, सगळं इत्थंभूत सांगितलं. आप्पासो खाली बघत होते. माणसाला दिलेला शब्द फिरवता येतो, हे त्यांनीच महिन्यापूर्वी दाखवलं होतं. पण हा कावळ्यानं गावासमोर पावती केलेला शब्द होता. शिवाय पोरगं जिवंत बघून त्यांच्या छातीवरची धोंड उतरली होती, आणि त्या सुटकेपुढं कारकून अगदीच किरकोळ वाटत होता.

सयाजी लाजला. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, फोटू परत पाठवू का मग?"

आप्पासोंनी पटका सारखा केला.

"पाठीव," ते म्हणाले. "पर हार काढून."